विजय सॅम्युएल हजारे : एका सांगलीकर खेळाडूचा चढ आणि उतार

थोर पदास चढलेल्या मनुष्यांच्या चढतीची कथा सर्वांस गोड लागते; परंतु उतरतीची कथा पुष्कळदा अधिक शिकविते. ह्या अंकी आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो की, ज्याचा जन्म आपल्याच सांगलीत, आपल्याच ख्रिस्ती समाजात, एका शिक्षकाच्या घरी झाला. ज्याचे नाव इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीज बेटे येथवर जाऊन पोहोचले. आणि ज्याच्या उतरतीस दारू, जुगार, लाचलुचपत अथवा आळस ह्यांपैकी एकही कारण झाले नाही. मग कारण काय झाले, ते सांगावे हाच ह्या लेखाचा हेतू आहे.

विजय सॅम्युएल हजारे ह्यांचा जन्म ता. ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. सांगली हे तेव्हा पटवर्धन घराण्याचे लहानसे संस्थान होते. शेजारच्या मिरजेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे इस्पितळ नावारूपास आले होते, व त्या भागातील ख्रिस्ती कुटुंबांत शिक्षणाची गोडी वाढत होती. हजाऱ्यांच्या घरी धन नव्हते, परंतु विद्येचा मान होता. मुलगा स्वभावाने अबोल व लाजाळू. मात्र हाती बॅट आली म्हणजे त्याचे मन दुसरीकडे ढळत नसे.

आज खेडोपाडी मुले क्रिकेट खेळतात, म्हणून त्या खेळाचे नियम येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्या काळची स्थिती निराळी होती, एवढे ध्यानी घेतले पाहिजे. आज नामवंत खेळाडूस कोट्यवधी रुपये मिळतात. त्या वेळी खेळावर पोट भरत नसे. ज्यास खेळातच आयुष्य घालवावयाचे असेल, त्यास कोणातरी संस्थानिकाचा आश्रय शोधावा लागे. हजारे ह्यांनाही असाच आश्रय शोधावा लागला, आणि १९४१ च्या सुमारास ते बडोद्यास स्थिर झाले. तेथील महाराज प्रतापसिंहराव गायकवाड ह्यांच्या पदरी त्यांस नोकरी मिळाली, आणि पुढे बडोदे हेच त्यांचे घर झाले.

तत्पूर्वी त्यांस एक चांगला गुरू लाभला होता. क्लॅरी ग्रिमेट नावाचा ऑस्ट्रेलियाचा प्रख्यात गोलंदाज शिकविण्याकरिता भारतात आला होता. हजारे ह्यांची उभे राहण्याची ढब पुस्तकात सांगितल्याप्रमाणे नव्हती. ते बॅट दोन्ही पायांच्या पॅडांमध्ये धरून उभे राहत. दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने प्रथम हीच मोड काढून टाकिली असती. ग्रिमेटने ती तशीच राहू दिली. ज्याला जे साधले आहे ते मोडू नये, हे त्या अनुभवी मनुष्यास ठाऊक होते. वाचकांनी ही लहानशी गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

१९३९-४० साली रणजी करंडकाच्या सामन्यांत महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध खेळताना त्यांनी ३१६ धावा केल्या आणि अखेरपर्यंत बाद झाले नाहीत. त्या स्पर्धेत तीनशेचा आकडा प्रथम ओलांडणारे तेच. परंतु त्याच वेळी युरोपात महायुद्ध पेटले, आणि देशादेशांतील कसोटी सामने अनेक वर्षे बंद पडले. चोविसाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतचा, म्हणजे खेळाडूच्या अंगातील भर जोमाचा काळ, त्यांस कसोटी सामन्यांवाचून घालवावा लागला.

त्या दिवसांत मुंबईस पंचरंगी सामने होत. त्यांत संघ धर्मावरून पाडलेले असत: युरोपियन, हिंदू, पारशी, मुसलमान, आणि १९३७ पासून पाचवा संघ, ज्यात उरलेले सर्व. ह्या पाचव्या संघाचे नावच मुळी ‘बाकीचे’ असे होते, आणि आपल्या ख्रिस्ती खेळाडूंची जागा त्यातच असे. खेळात धर्मभेद आणू नये म्हणून महात्मा गांधींनी १९४० साली ह्या सामन्यांविषयी नापसंती दर्शविली, आणि १९४५-४६ नंतर ते कायमचे बंद झाले. ते योग्यच झाले असे आम्हांस वाटते. तथापि ह्याच सामन्यांत १९४३ च्या डिसेंबरात जे घडले, ते सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही.

हजारे ह्यांनी प्रथम मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा करून त्या स्पर्धेतील उच्चांक गाठला. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट ह्यांनी नाबाद २५० धावा करून तो मोडला. हिंदू संघाने पाच गडी बाद ५८१ धावांवर डाव सोडून दिला. ‘बाकीचे’ १३३ धावांत आटोपले, आणि त्यांस लागलाच दुसरा डाव खेळावा लागला. त्या डावात गडी एकामागून एक परतू लागले. तेव्हा हजारे ह्यांचे बंधू विवेक त्यांच्या साथीस आले. दोघां भावांनी मिळून ३०० धावांची भर घातली. त्यांत विवेक ह्यांच्या धावा केवळ २१ होत्या! परंतु ते आपली बाजू सांभाळून उभे राहिले, म्हणूनच दुसरा भाऊ खेळू शकला. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे ह्यांच्या झाल्या. सामना गेला तो गेलाच. एक डाव आणि ६१ धावांनी पराभव झाला. तरी त्या सामन्याचे नाव निघाले म्हणजे आजही जिंकणाऱ्यांपेक्षा हरणाऱ्याचे स्मरण आधी होते.

१९४७ च्या मार्च महिन्यातील गोष्ट तर आणखी मनात भरण्यासारखी आहे. देशाची फाळणी तोंडावर आली होती, आणि पंजाबात माणसे एकमेकांचे रक्त सांडीत होती. त्याच दिवसांत बडोद्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना होळकर संघाशी झाला. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांवर बाद झाले असता हजारे आणि लाहोरचे गुल महंमद ही जोडी जमली. एक ख्रिस्ती, दुसरा मुसलमान. दोघांनी मिळून ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ह्यांच्या ३१९, हजारे ह्यांच्या २८८. सबंध जगात कोणत्याही जोडीने इतक्या धावा कधी केल्या नव्हत्या, आणि हा विक्रम २००६ सालापर्यंत अबाधित राहिला. पुढे गुल महंमद पाकिस्तानचे नागरिक झाले व त्या देशाकडूनही एक कसोटी सामना खेळले. सीमेने माणसे वेगळी केली. परंतु ती ५७७ धावांची बेरीज कोणास वाटून घेता आली नाही.

कसोटी सामन्यांत हजारे ह्यांचा प्रवेश १९४६ च्या जून महिन्यात लॉर्ड्स येथे झाला, तेव्हा त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. त्यांच्या कीर्तीचा कळस १९४८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे झाला. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. त्यांत जगप्रसिद्ध ब्रॅडमन ह्यांच्या २०१ धावा होत्या, आणि त्यांचा त्रिफळा उडविणारेही हजारेच होते. कारण ते गोलंदाजीही करीत. भारताच्या पहिल्या डावात हजारे ह्यांनी ११६ धावा केल्या. लागलाच दुसरा डाव खेळावा लागला, त्यात सहा गडी भोपळाही न फोडता परतले. परंतु हजारे ह्यांनी पुन्हा १४५ धावा केल्या. लिंडवॉल आणि मिलर ह्यांच्यासारखे वेगवान गोलंदाज समोर असता एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय होत. सामना मात्र एक डाव आणि १६ धावांनी गेला. मुंबईस १९४३ साली जे झाले, तेच येथे पुन्हा झाले. चोहोंकडे पडझड चालू असता एकट्याने उभे राहणे, हे जणू त्यांस नेमून दिलेले कामच होते.

येथवर चढती झाली. आता जेथून वाट वळली ते ठिकाण सांगतो.

१९५१ साली इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा क्रिकेटच्या नियामक मंडळाने हजारे ह्यांस कप्तान नेमिले. त्या काळी ह्या पदाभोवती प्रांताप्रांतांचे आणि व्यक्तिव्यक्तींचे हेवेदावे पुष्कळ होते. हजारे कोणाच्याच गटाचे नव्हते. ते मृदुभाषी, निगर्वी, कोणास वर तोंड करून न बोलणारे. आणि सर्वांत उत्तम फलंदाज. असा मनुष्य कप्तान केला म्हणजे तंटा मिटला, असे पुष्कळांस वाटले असावे.

प्रारंभ शुभ झाला, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. दिल्लीच्या पहिल्या सामन्यात त्यांनी नाबाद १६४ आणि मुंबईच्या दुसऱ्यात १५५ धावा केल्या. ता. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासेस मालिकेतील शेवटचा सामना सुरू झाला. त्याच दिवशी इंग्लंडच्या राजाच्या मृत्यूची वार्ता आली. विनू मंकड ह्यांनी बारा गडी बाद केले; पंकज रॉय आणि पॉली उमरीगर ह्यांनी शतके झळकाविली; आणि भारताने एक डाव व ८ धावांनी सामना जिंकिला. १९३२ सालापासून कसोटी सामने खेळणाऱ्या आपल्या देशाचा हा पहिलाच विजय होता. सांगलीच्या शिक्षकाचा मुलगा त्या दिवशी भारताच्या पहिल्या विजयी संघाचा कप्तान होता. हा मान कोणालाही त्यांच्याकडून हिरावून घेता येणार नाही.

परंतु त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. मंकड संघात नव्हते. ते तेथील एका क्लबाकडे वेतनावर खेळत होते, आणि त्यांस आधी निवडीचे आश्वासन देण्यास आपले मंडळ तयार झाले नाही. लीड्स येथे जून महिन्यात पहिला सामना झाला. पहिल्या डावात हजारे ह्यांनी ८९ धावा करून वीस वर्षांच्या मांजरेकर ह्यांच्याबरोबर २२२ धावांची भागी केली. दुसऱ्या डावात मात्र पाहणाऱ्यांचा विश्वास बसेना. चार गडी बाद झाले आणि फलकावर एकही धाव नव्हती! शून्यावर चार! ट्रूमन नावाचा तरुण गोलंदाज प्रथमच कसोटी खेळत होता, आणि त्याच्या वेगापुढे आपली मुले गोंधळून गेली. कप्तान मैदानात उतरले आणि त्यांनी ५६ धावा केल्या. फडकर ह्यांनी ६४ करून साथ दिली. तथापि सामना गेला. लॉर्ड्सच्या सामन्याकरिता मंकड ह्यांस सोडवून आणिले; त्यांनी पराक्रमाची शर्थ केली, तरी तोही सामना गेला. ता. १९ जुलै रोजी मँचेस्टर येथे भारताचे दोन्ही डाव, ५८ आणि ८२ धावांचे, एकाच दिवसात आटोपले.

आपल्या जिल्ह्यांच्या वाचकांस येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. मँचेस्टरच्या त्या दिवसानंतर चौथ्या दिवशी, ता. २३ जुलै १९५२ रोजी, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्यांनी हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले पदक. कृष्णाकाठचे हे दोन पुत्र एकाच आठवड्यात परदेशी होते. एकाच्या गळ्यात पदक पडत होते, आणि दुसऱ्याच्या माथ्यावर सबंध देशाच्या पराभवाचे गाठोडे ठेविले जात होते. खाशाबा आखाड्यात एकटे उतरले, आणि जे त्यांचे होते तेवढ्याचाच जाब त्यांस द्यावा लागला. हजारे ह्यांस मात्र अकरा जणांचा जाब द्यावा लागला.

इंग्लंडहून परतल्यावर मंडळाने कप्तानपद काढून लाला अमरनाथ ह्यांस दिले. त्या हिवाळ्यात पाकिस्तानचा संघ प्रथमच भारतात आला. आता काय झाले पाहा! पद गेलेले हजारे साधे खेळाडू म्हणून मुंबईच्या सामन्यात उतरले, आणि नाबाद १४६ धावा करून परतले. भारताने सामना दहा गडी राखून जिंकिला. खांद्यावरचे जू उतरले म्हणजे बैल कसा मोकळा चालतो, तसे हे झाले. परंतु ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांनी ह्यातून बोध घेतला नाही. १९५३ च्या प्रारंभी वेस्ट इंडीज बेटांच्या दौऱ्यावर त्यांनी पुन्हा हजारे ह्यांसच कप्तान करून धाडिले. पाच सामन्यांपैकी चार अनिर्णीत राहिले, एक गेला. आणि कप्तानाच्या बॅटीतून एकही शतक निघाले नाही. एप्रिल महिन्यात जमेका बेटावर शेवटचा सामना संपला. त्यानंतर हजारे पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत. तीस कसोटी सामने, सात शतके, २१९२ धावा, आणि डावाची सरासरी ४७.६५, एवढा हिशेब मागे ठेवून, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, देशाचा हा आधारस्तंभ बाजूस सारला गेला. चौदा सामन्यांच्या कप्तानीत एक जय, पाच पराजय आणि आठ अनिर्णीत, असा जमाखर्च राहिला.

त्यांचे जन्माचे प्रतिस्पर्धी मर्चंट ह्यांनीसुद्धा पुढे हेच मत दिले की, कप्तानपद ही हजारे ह्यांच्या बाबतीत मोठी दुःखाची गोष्ट झाली. त्या पदाने त्यांच्यातील फलंदाज दडपला. ज्याने ज्याच्याशी दहा वर्षे झुंज घेतली, तो त्याच्याविषयी असे बोलतो, तेव्हा ते मानण्याजोगे आहे.

शौल राजाने दाविदास आपले चिलखत घातले, ही कथा आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलांसही ठाऊक आहे. चिलखत उत्तम होते, राजाचे होते, आणि देणाऱ्याचा हेतूही वाईट नव्हता. परंतु दाविदाने चालून पाहिले, आणि ते आपणांस सोसत नाही असे पाहून उतरवून ठेविले. गोफण व गोटे ही त्याची हत्यारे होती. हजारे ह्यांसही परक्याचे चिलखत घालण्यात आले. ते एकदा उतरले, तेव्हा त्यांची गोफण पूर्वीसारखीच चालली. मग ते पुन्हा चढविले गेले. ज्याला जे साधले ते मोडू नये, हे ग्रिमेटला कळले होते; मोठमोठ्या मंडळांस ते कळले नाही.

आता पदावरून उतरल्यावर हा मनुष्य कसा वागला, हेही सांगितले पाहिजे. कारण मनुष्याची खरी पारख तेथे होते. हजारे रुसून घरी बसले नाहीत. त्यांनी कोणाविरुद्ध गट बांधिला नाही. ते बडोद्याच्या संघात खेळत राहिले. १९५७-५८ साली बडोद्याने रणजी करंडक पुन्हा जिंकिला, तेव्हा कप्तान होते दत्ताजीराव गायकवाड. लीड्स येथे शून्यावर बाद झालेल्या त्या चौघांपैकी एक. ज्यांस हजारे ह्यांनी इंग्लंडात आपल्या हाताखाली वागविले, त्यांच्याच हाताखाली ते आता खेळत होते. १९६० साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. पहिल्या दर्जाच्या सामन्यांतून ते १९६६-६७ साली निवृत्त झाले. त्या वेळी पन्नाशी उलटून गेली होती, आणि हिशेबात साठ शतके व १८,७४० धावा जमा होत्या. ता. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदे येथे, एकोणनव्वद वर्षांचे होऊन, ते निवर्तले. आज राज्याराज्यांतील एकदिवसीय सामन्यांच्या करंडकास त्यांचेच नाव दिलेले आहे.

वाचक बंधुभगिनींनो, हे केवळ खेळाचे वृत्त नव्हे. खेडोपाडीच्या मंडळ्यांत हेच पुष्कळदा घडते. एखादा भाऊ भजन उत्तम म्हणतो, त्याचे गाणे ऐकून वाटेने जाणारे थांबतात; म्हणून त्यास पंचांचा मुख्य करतात. एखादा शिक्षक मुलांस जीव लावून शिकवितो. म्हणून त्याच्या हाती फंडाचा हिशेब देतात. मग तंटे सुटत नाहीत, हिशेब जुळत नाही, आणि लोक म्हणू लागतात की हा मनुष्य पूर्वीसारखा राहिला नाही. मनुष्य तोच असतो. त्याच्या अंगावरचे चिलखत दुसऱ्याचे असते. ज्यास बहुमान म्हणून आपण काम देतो, ते काम त्याच्या दानास शोभते की त्यास चिरडते, हे देण्यापूर्वी पाहणे हे प्रीतीचे कर्तव्य होय. आणि ज्याच्यावरून एखादे पद गेले असेल, त्याने हजारे ह्यांच्या उत्तर आयुष्याकडे पाहावे. पद गेले तरी दान गेले नाही. कालपर्यंत जो आपल्या हाताखाली होता, त्याच्या हाताखाली प्रामाणिकपणे काम करता येणे, हीदेखील एक मोठी खेळी आहे. ती फलकावर मांडली जात नाही इतकेच.